ऑफिस उघडायच्या आधीची टकटक

अन्याय झाला तो चंद्रकलाबाई बिरादार यांच्यावर. कधी झाला तेही सांगतो, म्हणजे नंतर कुणी "आम्हाला ठाऊक नव्हतं" म्हणायला नको. गेल्या वर्षी नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, ऑफिस उघडून, पंखे लावून, पहिला चहा पिऊन झाल्यावर. त्या वेळी आमच्या टेलिफोन ऑफिसातल्या संगणकात त्यांच्या तक्रारीपुढं शेरा पडला : लाइनमध्ये दोष नाही, ग्राहकास कमी ऐकू येते. तक्रार बंद.

काचबिंदूनं या बाईची नजर जाऊन कितीतरी वर्षं झाली. उंबऱ्यात कोण आलंय हे ती पावलांवरून ओळखते, आणि काय मागायला आलंय हे त्याच्या खाकरण्यावरून. तिला आम्ही बहिरी ठरवलं. एका ओळीत, बसल्या जागेवरून.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला नोकरीतले अनुभव लिहायला सांगितलं आणि वर बजावलं, की पत्रक लिहू नका. त्यांची भीती रास्त आहे. मी आजवर जे काही लिहिलं ते पत्रकंच. शेवटचं पत्रक आठवडी बाजारात वाटलं होतं, तेव्हा तासाभरात सगळ्यांच्या हातात पोचलं. आत गरम भजी होती. अशा अंकांत अनुभव लिहिणारी माणसं निवृत्त असतात. मी तिशीच्या आतला आहे. मला कामावरनं काढलं, तेवढाच निवृत्त.

मी लायनमन होतो. कंत्राटी. म्हणजे खांबावर चढताना खात्याचा आणि पडलो तर कुणाचाच नाही. सीमेच्या कन्नड बाजूची, भालकी आणि बसवकल्याणच्या मधली गावं माझ्याकडं. ज्या घरात अजून भिंतीची तार आणि टेबलावरचा फोन शिल्लक आहे, त्या घरचं दुखणं माझं.

हे दुखणं कसं ओळखायचं, ते बाहेरच्यांना सांगतो. घरच्या फोनला दोन तारा लागतात, एकमेकींना पीळ घालून नेलेल्या. दोघी सारख्या असल्या की बाहेरचा कुठलाही आवाज दोघींवर सारखाच आदळतो आणि आपापसात मिटून जातो. एक कमजोर झाली की भांडण ऐकू यायला लागतं. खरखर आली, आणि ती वाऱ्यानं वाढली, तर कुठंतरी सांधा सैल आहे. पावसानं वाढली तर सांध्यात पाणी आहे, तांब्यावर हिरवट बुरशी चढलेली असते. एकसारखी घूं येत असेल तर विजेची तार शेजारून गेलीय. दुसऱ्याचं बोलणं ऐकू येत असेल तर तुमच्या तारेचं कातडं दुसऱ्याच्या तारेला लागलंय. याची तक्रार कमी लोक करतात. एका निवृत्त हेडमास्तरांची मी असली लाइन दुरुस्त केली, तर दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, की आता घरात करमत नाही.

काम करायची रीतही साधी. आधी घरातला फोन काढायचा आणि आपला लावायचा. आवाज गेला तर फोन खराब. गेला नाही तर भिंतीवरच्या डबीशी ऐकायचं. तिथं आवाज असेल तर दोष बाहेर. मग निम्म्या वाटेवरच्या खांबावर चढायचं, ऐकायचं, दोष पुढं की मागं ते ठरवायचं, पुन्हा निम्मं करायचं. निम्मे आजार घरातच सापडतात. पलंगाचा पाय तारेवर असतो, डबीत पाल वाळलेली असते. दसऱ्यानंतर तर आमचा हंगामच. आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारांबरोबर फोनचीही पूजा होते. एका कापड दुकानदारानं फोनला हळदकुंकू लावून वर तांब्यातलं पाणी शिंपडलं होतं. बोलायच्या भोकांतून कुंकू आत गेलं आणि गिऱ्हाइकांना वाटायला लागलं, शेठ घोरतायत. मी फोन उघडून पुसायला लागलो तर म्हणाला, "अण्णा, थोडं ऱ्हाऊ द्या आत, नायतर देवीला काय वाटंल."

आता चंद्रक्कांकडं येतो. सगळा गाव त्यांना चंद्रक्काच म्हणतो. खटकचिंचोळीच्या अलीकडं शेतातच त्यांची वस्ती आहे. नवरा गेला, मूल नाही, तुरीचं आणि सोयाबीनचं चांगलं रान आहे. शेजारच्याच घरात पुतण्या दिगंबर. शेत तो बघतो, पण हुकूम चंद्रक्कांचा चालतो. कुठं काय पेरायचं, मजूर किती लावायचे, माल कधी सोडायचा, सगळं चंद्रक्का ठरवणार. आणि ठरवणार कशावर, तर त्या फोनवर. मोबाइल त्यांना दिगंबरनं आणून दिला होता. गुळगुळीत काच. ज्याला दिसत नाही त्याच्या हातात काच देण्यात काय अर्थ आहे, हे विचारायची आपल्याकडं पद्धत नाही. शिवाय वस्तीवर रेंज यायची ती गोठ्याच्या पत्र्यावर चढल्यावर. टेबलावरच्या फोनला मात्र बटणं आहेत आणि मधल्या पाचाच्या बटणावर बारीक उंचवटा. त्या उंचवट्यावर बोट ठेवून चंद्रक्का सगळा तालुका फिरून येत.

रोज सकाळी चहा झाला की त्यांचा पहिला फोन भालकीच्या अडत्याला. गाडी भरायची की नाही हे त्या वेळीच ठरतं. नुसता भाव विचारायचा नसतो. त्या म्हणायच्या, भाव सांगायच्या आधी अडत्या किती थांबतो ते ऐकायचं असतं. त्याच्या डोक्यावरचा पंखा कुरकुरतो, तो कुरकुरायचा थांबला की तो उठून कुणाशी तरी बोलायला गेला, म्हणजे बाजारात काहीतरी हललंय. असा तो कान. तो खात्यानं बाद केला.

झालं होतं असं, की पंचमीच्या आधीपासून त्यांच्या फोनवर टकटक यायला लागली. खरखर नाही, घूं नाही. घड्याळासारखी टक, टक, टक. भावाचा आकडा नेमका त्या टकटकीखाली जायचा. विचारायला लागलं, पुन्हा विचारायला लागलं, की अडत्या वैतागायचा. मग दिगंबर मोबाइल घेऊन पत्र्यावर चढायचा आणि खाली येऊन भाव सांगायचा. तो खरा सांगायचा की खोटा, मी बोलणार नाही. पण ज्या बाईनं आयुष्यभर स्वतः ऐकून ठरवलं, तिला आता सांगितलेलं ऐकावं लागत होतं.

त्यांनी तक्रार नोंदवली. लोकांना वाटतं, आम्हा सीमेवरच्यांचं दुःख म्हणजे भाषा. तक्रार घेणारं यंत्र कन्नड बोलतं आणि चंद्रक्का कन्नड त्याच्यापेक्षा चांगलं बोलतात. उर्दूही बोलतात, औरादकडची व्याही मंडळी आली की तेलुगूत थट्टा करतात. अडचण भाषेची नव्हती. पलीकडं माणूसच नव्हता.

तक्रार आली की आम्ही जायचो. मीही गेलो. ऑफिस दहाला उघडतं, वस्तीवर पोचेपर्यंत साडेअकरा होतात. फोन उचलला की लाइन अशी स्वच्छ, की पलीकडची शांतता ऐकू यावी. फोन बदलून बघितला, डबी उघडून बघितली. काही नाही. मी परत येऊन तसंच सांगितलं. तपास चालू ठेवा, असंही सांगितलं. मग खात्री करायला त्यांना फोन लावला गेला, तोही नेमका सकाळी लवकर, कारण त्या दिवशी साहेबांना महिनाअखेरच्या बैठकीला जायचं होतं आणि उरलेल्या तक्रारी त्यांनी एका कारकुनाला त्याच्या घरूनच उरकायला सांगितल्या होत्या. फोन लावणाऱ्यानं विचारलं, लाइन ठीक आहे का. टकटकीत चंद्रक्कांना अर्धं कळलं नाही. त्या म्हणाल्या, काय म्हणालास? त्यानं पुन्हा विचारलं. त्या पुन्हा म्हणाल्या, काय? त्याला टकटक ऐकू आली की नाही, देव जाणे. महिनाअखेर होती. दुसऱ्या दिवशी शेरा पडला.

म्हणजे, फोनवर ऐकू येत नाही अशी तक्रार, ती तपासायला त्याच फोनवर फोन, आणि तिथं ऐकू आलं नाही म्हणून तक्रार खोटी. या कामासाठी माणसांना भत्ता मिळतो.

शेरा ऑफिसात राहिला असता तर मी पत्रकात लिहून मोकळा झालो असतो. तो गावात गेला. दिगंबरच्या मोबाइलवर संदेश आला, कारण संपर्काला नंबर त्याचा दिलेला होता. त्यानं तो चार माणसांत वाचून दाखवला. मग बोलणं सुरू झालं, की काकूला दिसत नाही, आता ऐकूही येत नाही असं सरकारच म्हणतंय, तर तालुक्याला जाऊन मुखत्यारपत्र करून टाकावं, सगळा कारभार दिगंबरनं बघावा. भाऊकीतल्यांनी माना डोलावल्या. तहसीलला जायचा वार ठरला, जीप सांगितली गेली.

मला हे चंद्रक्कांनीच सांगितलं. मी दुसऱ्या कामावरनं परत जाताना मुद्दाम थांबलो होतो. त्या ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या.

"लेकरा, तू रोज दुपारी कामून येतूस?"

"ऑफिस उघडल्यावरच यावं लागतंय, अक्का."

"मंग तुमचं आफिस आन ही टकटक, दोघं ठरवूनच येतेत की. ती गेली की तुमी. येकदा तिच्यासंगं ये."

मी गाडीवर बसून अर्ध्या वाटेपर्यंत आलो आणि मग डोक्यात प्रकाश पडला. आमचा दोष ऑफिसच्या वेळा पाळत होता. आम्ही दहाला यायचो, तो त्याआधी घरी जायचा.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गेलो. कामाचे तास नव्हते म्हणून खात्याचं सामान नेता येत नव्हतं, स्वतःचा तपासायचा फोन खिशात घातला. फोन उचलला आणि टक, टक, टक. भिंतीच्या डबीशी तेच. म्हणजे दोष बाहेर. पहिल्या खांबावर चढलो, तेच. बांधाबांधानं पुढं गेलो. दिगंबरच्या तुरीपाशी आलो आणि खांबाला हात लावायच्या आधी हात मागं घेतला.

आमच्या भागात रानडुकरं तुरीत घुसतात. त्यासाठी लोक झटका मशीन लावतात. शेताभोवती तार ओढायची, मशीन दर सेकंदाला तारेत विजेचा एक ठोका सोडतं, डुक्कर शिवलं की उडतं, मरत नाही. चांगली गोष्ट आहे. तार ताणायला खांब लागतात. खांब विकत घ्यायचे, खड्डे खणायचे, ते रोवायचे. आणि इथं बांधावरनं फोनचे लोखंडी खांब आयते उभे आहेत, सरळ, एका रेषेत. आमच्याकडं सरकारी वस्तू उभी दिसली की तिला काहीतरी बांधल्याशिवाय राहवत नाही. म्हैस बांधतात, फलक बांधतात, वाळवण बांधतात. दिगंबरनं मध्ये पाइपचे तुकडे घालून त्याच खांबांना झटक्याची तार बांधली होती. शेजारच्या चौघांनीही तेच केलं असतं. संध्याकाळी मशीन चालू करायचं आणि सकाळी धारा काढून शेतात गेलं की बंद. ऑफिस उघडायच्या आत.

पण नुसत्या झटक्यानं फोन टकटकत नाही, दोन तारा सारख्या असल्या तर. पुढच्या खांबावर त्याचंही उत्तर सापडलं. तिथला सांधा खात्यानं केलेला होता आणि त्यावर पाणी न जाणारं आवरण म्हणून दुकानातली कॅरीबॅग गुंडाळून सुतळीनं बांधली होती. आवरणाचं सामान किती काळ आलं नव्हतं ते विचारू नका. एक तार हिरवी पडून अर्धी खाल्ली गेली होती. म्हणजे ठोका पुतण्याचा आणि दार उघडं खात्याचं.

दिगंबर धारा आटोपून आला. मी त्याला तार सोडायला सांगितली.

"खांब काय तुमच्या बापाचा हाय?" तो म्हणाला.

"न्हाई. तुमच्याही न्हाई."

"सरकारचा हाय. सरकार म्हंजे कोण? आपणच की. डुकरं आली की तू येणार हाईस व्हय राखायला?"

मी म्हणालो, ऑफिसची नोटीस आणतो. तो हसला. त्याला ठाऊक होतं, ऑफिसच्या लेखी टकटक नव्हतीच.

साहेबांकडं गेलो. साहेब कन्नड बोलायचे, मी इथं मराठीत सांगतो. ते म्हणाले, तक्रार बंद झालीय, बंद तक्रार उघडता येत नाही. मी म्हणालो, सकाळी येऊन ऐका. ते म्हणाले, सकाळी ऑफिस नसतं. मी म्हणालो, म्हणूनच. ते म्हणाले, नवी तक्रार नोंदवली तर शेरा आपोआप जुनाच लागतो, कारण ग्राहक तोच आहे.

साहेबांच्या घरचा नंबर ऑफिसच्या फलकावर रंगवलेला आहे. गुपित काही नाही. तो मी चंद्रक्कांना पाठ करून दिला. त्या दुसऱ्या दिवसापासून अडत्याच्या आधी साहेबांना फोन करायला लागल्या. काही मागायचं नाही, भांडायचं नाही. नमस्कार, मी चंद्रकलाबाई, टकटक चालू हाय, ऐका. असं म्हणून फोन तसाच धरायचा. साहेब ठेवत. त्या पुन्हा लावत.

आठवडा झाला नसेल. साहेबांच्या घरच्या फोनवर टकटक येते अशी तक्रार नोंदली गेली. बाईसाहेबांनी नोंदवली होती. आणि मी खात्याची खरी ताकद त्या दिवशी पाहिली. जीप निघाली. नवा फोन, नवी दोरी, नवी डबी. रस्त्यापासून घरापर्यंत नवी तार ओढली. जे आवरण वर्षानुवर्षं मिळत नव्हतं ते एका खोक्यातून निघालं. मी स्वतः शिडी धरून उभा होतो. सगळं करून आम्ही सांगितलं, लाइन आता काचेसारखी. दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रक्कांचा फोन गेला. टक, टक, टक.

साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, असं कसं, त्या बाईचा फोन आला की टकटक होते, एरवी नाही.

मी म्हणालो, "साहेब, तुम्हाला कमी ऐकू येतं का?"

हे वाक्य मला महाग पडलं. पुढच्या यादीत माझं कंत्राट नव्हतं. पण ते नंतरचं. त्या दिवशी साहेबांनी खोक्यातलं उरलेलं आवरण माझ्याकडं सरकवलं आणि सहीची नोटीस दिली, की खात्याच्या खांबावरची तार काढावी.

मी सांधा तोडून नवा केला, तांबं घासून लाल केलं, आवरण चढवलं. दिगंबरनं नोटीस उलटीसुलटी पाहिली, मशीन बंद केलं आणि शिव्या देत तार सोडली. बाभळीचे सोट रोवून पुन्हा ओढली. डुकरांना फरक पडला नाही, ती आधीइतकीच उडाली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी तहसीलची जीप आली, तेव्हा मी मुद्दाम वस्तीवर होतो. दिगंबर नवं धोतर नेसलेला म्हातारा साक्षीदार घेऊन आला. चंद्रक्का तयार होऊन बसल्या होत्या. निघायच्या आधी त्यांनी फोन ओढला, उंचवट्यावर बोट ठेवलं आणि अडत्याला लावला. बोलणं थोडंच झालं. भाव ऐकला, तो पुन्हा विचारावा लागला नाही. मग म्हणाल्या, पंख्याला तेल घातलंस वाटतं. पलीकडं अडत्या हसला, तो ओसरीपर्यंत ऐकू आला.

फोन ठेवून त्या दिगंबरकडं वळल्या. जिथं तो उभा होता तिथंच बरोबर.

"दिगू, काल तू सांगितलेला भाव आन हा भाव येकच हाय का रे?"

दिगंबर जीपवाल्याकडं बघायला लागला.

"बरं. जीप माघारी धाड. भाडं मी देते. आन साठवलेलं सोयाबीन उद्या भर."

इथं थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण मी गोड लिहायला बसलेलो नाही. तो शेरा अजून संगणकात आहे, बंद तक्रारीत दुरुस्ती करता येत नाही म्हणे. आणि यंदा तूर फुलावर आलीय. मागच्या आठवड्यात मी वस्तीवर गेलो, तर टकटक पुन्हा सुरू. दिगंबरची तार बाभळीवरच आहे, मी स्वतः पाहिलं. या वेळी कुणीतरी पुढच्या शिवारात बांधलीय, आणि तिथंही कुठला तरी कॅरीबॅगचा सांधा कुजला असणार. कुणी, ते कळत नाही, खांब पार खटकचिंचोळीपर्यंत गेलेत आणि मी आता कंत्राटात नाही, त्यावर चढलो तर चोर ठरेन. माझ्या जागी अजून कुणी आलेलं नाही. भाऊकीत पुन्हा मुखत्यारपत्राचं बोलणं निघालंय. दिगंबर या वेळी काही बोलत नाही. इतर बोलतात. आणि चंद्रक्का सकाळी अडत्याला दोनदा विचारायला लागल्यात.

म्हणून हा अंक वाचणाऱ्या तुम्हाला सांगतो, कारण तुमच्यातल्या निम्म्यांची रानं याच पट्ट्यात आहेत. तुम्ही लातूरला, पुण्याला असलात तरी झटक्याचं मशीन तुमच्याच पैशानं आलंय. दिवाळीला गावी याल. फराळ झाला की शेतावर जा. तुमची तार कशाला बांधलीय ते बघा. फोनच्या खांबाला असेल तर मशीन बंद करा, तार सोडा, आपला सोट रोवा. नोटिशीची वाट पाहू नका, ती येणार नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधी उठा, तो खांब ज्या घरापर्यंत जातो त्या घरी जा आणि विचारा, ऐकू येतंय का. नाही म्हणाले, तर पुढच्या शेताच्या मालकाला उठवा.